मारायचे पन्नास, खाऊ घालायचे दोनशे

कुत्र्याला काठीनं बडवण्याचा भाव आपल्या देशात ठरलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत आता दोन प्लेट तर्री-पोहेही धड येत नाहीत. (जनावर ठार मारलं किंवा लुळंपांगळं केलं, तर वेगळं आणि बरंच कडक कलम लागतं. मी रोजच्या, घरगुती बदडण्याबद्दल बोलतोय.)

आता खाऊ घालण्याचा भाव. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मोकाट कुत्र्यांच्या प्रकरणात एक आदेश दिला. रस्त्यावर, बागेत, सार्वजनिक ठिकाणी कुत्र्यांना खाऊ घालायचं नाही. इतकाच पुळका असेल तर रीतसर दत्तक घ्या आणि घरी नेऊन जेवू घाला. मोडलंत तर महापालिका दर वेळी दोनशे रुपयांपर्यंत दंड करू शकेल. १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं दत्तकाच्या त्या सक्तीला स्थगिती दिली. मधले २७ दिवस मात्र माझ्या शहरात कागदावरचा हिशेब असा होता की, एखाद्या गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घातली तर दोनशे आणि तीच पोळी खाताना त्याच्या पेकाटात लाथ घातली तर पन्नास.

न्यायालयासमोरचा प्रश्न खोटा नव्हता. रात्रपाळीहून दुचाकीवर परतणाऱ्या माणसाला विचारा, लहान मूल घेऊन सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांना विचारा. पण मला या दोन आकड्यांचं कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटतं. कुत्र्याला काय दिलं म्हणजे ते सुधारतं आणि काय दिलं म्हणजे बिघडतं, याबद्दल आपलं सगळ्यांचं जे मत आहे, ते त्यात रुपया-पैशांत लिहून ठेवलंय. मार हा फार तर किरकोळ आगाऊपणा. लाड हा खरा गुन्हा.

माझ्या शहरात ऊन आणि संत्र्यांनंतर एकमत असलेली ही तिसरी गोष्ट. ‘दोन हाणल्याबिगर समजत नाही जी त्याले,’ असं आमच्या शेजारचे काका मला नेहमी सांगत. काकांनी आयुष्यात चार कुत्री पाळली. त्यांच्या हाकेला आलेलं एकही कुत्रं मी पाहिलं नाही. ती यायची ती काकूंच्या हाकेला, कारण काकूंच्या हातात शिळी भाकर असायची. हा पुरावा वीस वर्षं काकांच्या अंगणात हिंडत होता, आणि तरी काकांचं मत तसूभरही हललं नाही. वर ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच’ ही म्हण आहेच. म्हणजे शिकलं तर मारामुळे आणि नाही शिकलं तर कुत्र्याच्या जातीमुळे. नळी कायम निर्दोष.

काकांना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण मी त्यांच्याहून वाईट केलं. मी पैसे देऊन केलं.

२०१७ च्या पावसाळ्यात फुटाळ्याच्या रस्त्यावर भिजत बसलेलं एक पिल्लू आम्ही घरी आणलं. त्याचं नाव ढब्बू. गावठी, तांबूस, एक कान उभा, एक पडका. सहा-सात महिन्यांचा झाल्यावर तो ताटलीजवळ कुणी गेलं की गुरगुरायला लागला. उपाशी वाढलेलं पिल्लू ते, अन्नाची राखण करणारच. पण आम्हाला ते अपमानास्पद वाटलं. आपलंच खातो आणि आपल्यावरच गुरगुरतो! (हे वाक्य आपण माणसांबद्दलही किती सहज वापरतो.) कुणीतरी एका ट्रेनरचा नंबर दिला. चार महिने, महिन्याला आठ हजार, घरी येऊन.

ट्रेनर वाईट माणूस नव्हता. वेळेवर यायचा, चहाला नको म्हणायचा. त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, ‘सर, हा स्वतःले अल्फा समजून राह्यला. तुम्ही त्याले दाखवा घरचा बॉस कोण हाय ते.’ दाखवायची पद्धत अशी: गळ्यात साखळीचा फास, ताटली समोर, कुत्रा गुरगुरला की झटका. तरीही गुरगुरला की उलथा करून जमिनीवर दाबून धरायचं, तो ढिला पडेपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात त्यानं साखळी माझ्या हातात दिली. तिसऱ्या आठवड्यात ढब्बूचं गुरगुरणं बंद झालं. कायमचं. मी त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ताटलीशेजारी माझा हात आणि गप्प उभा ढब्बू. सगळ्यांनी अंगठे पाठवले. त्या व्हिडिओत त्याची शेपटी पोटाखाली आहे, कान मागे आहेत आणि तो श्वाससुद्धा घेत नाहीये, हे मला दिसायला दीड वर्ष लागलं.

मे २०१९. अमरावतीहून बहीण आणि तिचा सात वर्षांचा मुलगा सुट्टीला आले होते. दुपारी कूलरसमोर ढब्बू पसरलेला, बाजूला त्याची अर्धी खाल्लेली ताटली. भाचा त्याच्या गळ्यात पडायला गेला. पोराच्या हातावर चार दात बसले, दोन खोल. ढब्बूची लस झालेली होती, तरी इंजेक्शनांसाठी पोराला घेऊन चकरा मारल्या, त्याच्या रडण्याचा आवाज अजून कानात आहे. पण त्याहून जास्त राहिलंय ते बहिणीचं एक वाक्य. ती पोराचा हात नळाखाली धरून सारखं म्हणत होती, ‘अरे दादा, तो गुरगुरलासुद्धा नाही.’

बरोबर. गुरगुरणं काढून टाकायचे मी बत्तीस हजार मोजले होते.

गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. ती कुत्र्याच्या भाषेतली सगळ्यात सभ्य गोष्ट आहे. ‘मला भीती वाटतेय, जरा लांब हो, नाहीतर मला चावावं लागेल’ एवढं सगळं ते एका आवाजात सांगतं. मी भीतीला हात लावला नाही. उलट, ताटलीजवळ माणूस आला की गळा आवळतो, हे त्याला रोज पढवून ती दुप्पट केली. फक्त सूचना देण्याची सोय तेवढी काढून घेतली. घरातल्या धुराच्या अलार्मचा आवाज नको म्हणून त्याची बॅटरी काढावी आणि आग विझली म्हणून पेढे वाटावेत, तसं.

चावल्यावर मी वाचायला लागलो. आधी वाचायला हवं होतं, हे मला कळतं.

‘अल्फा’चं प्रकरण तर विनोदीच निघालं. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर एक निबंध लिहिला. बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात, एकमेकांशी नातं नसलेले, थोड्या जागेत कोंडलेले लांडगे. ते एकमेकांच्या उरावर बसायचे, यात नवल काय? एका खोलीत दहा अनोळखी माणसं कोंडा, तेही बसतील. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या आपल्या ‘द वुल्फ’ या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती जगभर गेली. मग मेकनं उत्तर कॅनडातल्या एल्समेर बेटावर बरेच उन्हाळे रानातल्या लांडग्यांसोबत काढले. त्याला दिसलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. पुढारी ठरायला कुस्ती लागत नाही, तो बाप असतो म्हणून पुढारी असतो. १९९९ मध्ये त्यानं तसं लिहिलं आणि स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा, म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. ज्यानं ही गोष्ट पसरवली तोच ती परत घेत फिरतोय, आणि इकडे माझ्या अंगणात २०१८ साली एक पंचवीस वर्षांचा मुलगा त्याच गोष्टीच्या जोरावर एका उपाशी गावठी कुत्र्याला उताणं दाबून धरतोय. मी मदत करतोय.

मारकुट्या शिक्षणाची परंपरा त्याहून जुनी. जर्मन पोलिसांच्या कुत्र्यांसाठी कॉनराड मोस्टनं १९१० साली पुस्तक लिहिलं, तिथून ती लष्करात शिरली. अमेरिकेत विल्यम केलर यानं १९६२ मध्ये ती घराघरांत नेली. कुत्रं अंगणात खड्डे खणत असेल तर काय करावं? केलर सांगतो, खड्डा पाण्यानं भरा आणि कुत्र्याचं डोकं त्यात बुडवा. हा इसम डिस्नेच्या सिनेमांतले कुत्रे तयार करायचा, जे पाहून पोरं ‘बाबा, आपण पण आणू’ म्हणायची.

या सगळ्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, आणि माझ्या बाजूचे लोक ते कबूल करायला कचरतात. मार चालतो. चालतो म्हणूनच टिकलाय. झटका दिला की भुंकणं थांबतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ‘थांबणं’ आणि ‘शिकणं’ यांतलं अंतर मारणाऱ्याला दिसत नाही, कारण थांबल्यावर तो बघणं सोडून देतो. एडवर्ड थॉर्नडाइकनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियम मांडला होता की, ज्याचं फळ गोड ते वागणं घट्ट होतं आणि ज्याचं फळ कडू ते सुटतं. तीसच्या दशकात त्यानंच नियमाचा दुसरा अर्धा भाग बराचसा मागे घेतला. गोड फळ जितकं शिकवतं, तितकं कडू फळ काही पुसत नाही, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं.

नागपूरकराला यासाठी प्रयोगशाळा लागू नये. व्हरायटी चौकात पोलीस उभा असताना हेल्मेट कुठे असतं? डोक्यावर. पुढच्या वळणानंतर? कोपरावर. दंडानं आपल्याला डोकं जपायला शिकवलं नाही, पोलीस कुठे उभा असतो ते शिकवलं. तुमचा कुत्रा तुमच्यासमोर सोफ्यावर चढत नाही आणि तुम्ही बाहेरून आलात की सोफा गरम लागतो, तोही कोपरावर हेल्मेट अडकवूनच हिंडतोय.

आता माझं खरं भांडण. मारानं कुत्रं शिकत नाही, असं मी म्हणत नाहीये. मारानं शिकतो तो मारणारा.

अकरावीच्या मानसशास्त्रात ‘ऋण प्रबलन’ नावाचा एक शब्द असतो, त्याचं नाव काढलं की पोरं पान उलटतात. साधी गोष्ट आहे. गाडीत पट्टा लावला नाही की टुंई-टुंई वाजतं, लावला की थांबतं, म्हणून पट्टा लावायची सवय जडते. त्रास थांबणं हेच बक्षीस. आता चित्र बघा. कुत्रं भुंकतंय, डोकं उठलंय. मी काठी मारली. भुंकणं थांबलं. इथं बक्षीस कुणाला मिळालं? मला. ताबडतोब, एका सेकंदात, दर वेळी. उद्या कुत्रं पुन्हा भुंकेल, कारण त्याच्या भुंकण्याचं कारण तसंच आहे, आणि माझा हात आजच्याहून लवकर काठीकडे जाईल, कारण मला बक्षीस मिळालेलं आहे. हळूहळू काठी वाढत जाते. माराची सवय कुत्र्याला होते आणि मारण्याची आपल्याला. या खेळात पट्ट्याच्या कुठल्या टोकाला कोण बांधलंय, ते नीट पाहावं. काकांची चार कुत्री शिकली नाहीत, पण काकांना मात्र त्यांनी चांगलंच शिकवून ठेवलं होतं.

माझी बहीण शाळेत शिकवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्गातली छडी बंद केल्यावर स्टाफरूममध्ये किती हात वळवळले, ते ती सांगते. त्या हातांना पोरांच्या भल्याची काळजी नव्हती असं नाही. त्यांना चाळीस पोरं एका क्षणात गप्प होण्याची चव माहीत होती, आणि ती सुटत नव्हती.

कुत्र्याच्या बाजूनं काय होतं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात साठच्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की, ते कितीही धडपडले तरी थांबणार नाहीत. मग त्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथं बुटकं कुंपण ओलांडलं की झटका चुकवता येत होता. बरेच कुत्रे उठलेच नाहीत. पडून राहिले, कण्हत राहिले. प्रयोग क्रूर होता, आज कुणी करू देणार नाही. पण तो वाचताना मला माझा व्हिडिओ आठवला. ‘बघा किती शांत झाला!’ २०२० मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षणशाळांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास छापला. झटके-दटावणी वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचं कॉर्टिसॉल धड्यानंतर जास्त वाढलेलं होतं आणि अनोळखी जागी ठेवलेल्या भांड्यात काही असेल, ही आशाही त्यांना कमी होती. वेल्सनं तर २०१० मध्येच विजेचे पट्टे बंद केले. आपल्याकडे ते रिमोटसकट घरपोच येतात.

‘मग काय, आयुष्यभर लाच देत बसायचं का?’ हा प्रश्न मला हमखास येतो, आणि सरकारी कचेऱ्यांत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसांकडून येतो, म्हणून मजा वाटते. लाच आणि बक्षीस यांतला फरक त्यांच्याइतका कुणाला कळायला हवा? लाच आधी देतात, काम व्हावं म्हणून. बक्षीस नंतर देतात, काम झालं म्हणून. तुकडा नाचवत ‘ये ना रे, ये ना’ करणं ही लाच. हाक मारली, तो आला, मग तुकडा, हे बक्षीस. पुढे दर वेळी द्यावंही लागत नाही. कधी दिला, कधी नाही, तरी तो येतो. लॉटरीवाल्यांना ही गोष्ट स्किनरच्याही आधीपासून ठाऊक आहे.

आमच्या बाजूचाही गाढवपणा सांगतो. तुकड्यानं सगळं साधतं असं सांगणारे नवे गुरू झालेत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हस्की आणायचा, एसी लावून फोटो काढायचा आणि तो भिंती ओरबाडतो म्हणून बिस्किटं चारायची, याला कुठलंही बक्षीसशास्त्र लागू पडत नाही. तो कुत्रा बिघडलेला नाही, चुकीच्या अक्षांशावर आहे. आणि ‘शिक्षा’ हा शब्द ऐकताच किंचाळणाऱ्यांनाही सांगायला हवं की, पिल्लू खेळताना जोरात चावलं की पाठ फिरवून खेळ थांबवणं, हीसुद्धा व्याख्येनं शिक्षाच. मी ती करतो. तिच्यानं कुणाचा गळा आवळत नाही.

हे सगळं घरातल्या कुत्र्यापुरतं असतं, तर मी दंडाच्या आकड्यांपासून सुरुवात केली नसती. गल्लीतली कुत्रीसुद्धा रोज शिकत असतात, फक्त त्यांची फी कुणी देत नाही. दुचाकी बघून ती धावतात, दुचाकीवाला वेग वाढवतो, नाहीसा होतो. कुत्र्याच्या मते मोहीम फत्ते झाली. दर रात्री बक्षीस. कुरिअरवाल्यावर भुंकलं की कुरिअरवाला जातोच, तो कधी राहायला आलेला असतो? आणि काठी-दगड खाल्लेलं कुत्रं काय शिकतं? माणूस वाकला की पळायचं, कोपऱ्यात अडकलो की चावायचं. आता २००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम घ्या. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, जिथून आणलं तिथं सोडायचं. पहिली पायरी ‘पकडायचं’ आहे. माणूस वाकला की पळणारं कुत्रं पकडून दाखवा. आमच्या गल्लीत महापालिकेची गाडी आली होती, तेव्हा सगळ्यात बेरकी कुत्री कुणाच्या हाकेला आली? मागच्या गल्लीतल्या मावशींच्या, ज्या तिला रोज रात्री दूध-पोळी घालतात. ज्यांच्यामुळे ती कुत्री लस टोचून, कानाला खूण करून घेऊन परत आली आणि पुन्हा कधी व्याली नाही, त्या मावशींना दोनशे रुपये दंड. काठीवाले तेव्हा गच्चीवरून बघत होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितलंय. ते मला पटतं. जागा ठरवा, वेळ ठरवा, शाळेच्या दारात नको, हे बरोबर. पण त्या जागेवर येणाऱ्या कुत्र्यांची नसबंदी तिथंच मोजा, लसीकरण तिथंच करा. घास हे हत्यार हातात असताना ते दंडाच्या पावतीखाली दाबून ठेवू नका.

ढब्बूचं काय केलं, असं विचाराल. ‘सोडून या’ असं सगळ्यांनी सांगितलं, काहींनी याहून वाईट सांगितलं. बहिणीनं सांगितलं नाही. मग सेमिनरी हिल्सच्या उतारावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका पशुवैद्य बाईंनी रस्ता दाखवला, फी न घेता. ढब्बू जेवत असताना पाच पावलांवरून जायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या दिशेनं टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. बस. ताटलीला हात लावायचा नाही. आठवडाभरानं चार पावलं. तो ताठला तर पुन्हा पाच. यात मर्दुमकी काही नाही, व्हिडिओ काढण्यासारखंही काही नाही. सात महिने लागले. एके दिवशी मी जवळून गेलो आणि त्यानं ताटलीतून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं, शेपटी हलवत, कारण माणूस आला म्हणजे काहीतरी येतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

गुरगुरणं मात्र परत यायला याहून जास्त वेळ लागला. एकदा बंद पडलेला तो आवाज काढायला तो धजत नव्हता. आम्ही वाट बघत राहिलो.

यंदाच्या दिवाळीत बहीण आली होती. भाचा आता उंच झालाय, हातावर दोन पांढरे ठिपके आहेत. ढब्बू म्हातारा झाला, कंबर दुखते त्याची. तो दिवाणाखाली झोपलेला असताना पोरगं चार्जर शोधत वाकलं. आतून खोल, खरखरीत आवाज आला. पोरगं जागच्या जागी थांबलं, दोन पावलं मागे आलं.

‘मामा, गुरगुरला.’

बहीण चकल्यांचा झारा हातात घेऊन दारात आली. ‘गुरगुरला ना? नक्की?’

‘हो.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली आणि कढईकडे परत गेली.